दहा बाय बाराच्या खोलीत संगणकाचा टॉवर

मुंबईच्या उपनगरांत घराचा हिशेब चौरस फुटांत होतो आणि त्यातला बहुतेक प्रत्येक फूट आधीच कशाला तरी लागलेला असतो. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत १९९५ साली पात्र कुटुंबासाठी २२५ चौरस फूट चटई क्षेत्राची, म्हणजे भिंतींची जाडी वगळून प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या जागेची, सदनिका ठरली. पुढे ते क्षेत्र २६९ आणि २०१८ मध्ये ३०० चौरस फूट झाले. घाटकोपरचे पंतनगर, विक्रोळीचे कन्नमवारनगर अशा म्हाडाच्या जुन्या वसाहतींतली मूळ घरेही ऐसपैस म्हणावीत अशी नव्हती. दिवाण, लोखंडी कपाट, शिलाई मशीन, फ्रिज आणि देव्हारा यांच्या जागा ठरून गेल्यावर जो कोपरा उरतो त्यात संगणकाचे टेबल बसवले जाते आणि टॉवर, म्हणजे मदरबोर्ड, प्रोसेसर, डिस्क व वीजपुरवठ्याचा संच सामावणारी उभी पेटी, जिला बोलण्यात सर्रास ‘सीपीयू’ म्हणतात, त्या टेबलाखाली जमिनीवर, भिंतीला टेकवून सरकवला जातो. पायांना थोडी अडचण होते, पण टेबलाचा पृष्ठभाग मोकळा राहतो, म्हणून ही जागा सोयीची वाटते. उपनगरांतली हवा, पाणी आणि वीज यांचा विचार केला, तर मात्र यंत्रासाठी घरात याहून वाईट जागा क्वचितच सापडेल.

टॉवरमधून हवा कशी वाहते हे पाहिल्याशिवाय त्याच्या जागेची चर्चा पुरी होत नाही. इंटेल कंपनीने १९९५ साली ‘एटीएक्स’ हा आराखडा आणला, त्यामुळे मदरबोर्डचे माप, स्क्रूंच्या जागा आणि वीजजोड एकसारखे झाले. लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन जोडलेल्या संगणकापासून कंपनीच्या तयार यंत्रापर्यंत बहुतेक टॉवरांची ठेवण आजही या ना त्या प्रकारे त्यालाच धरून असते. साधारणपणे थंड हवा पुढच्या जाळीतून आत येते, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावरून जाताना तापते आणि मागच्या पंख्याने बाहेर फेकली जाते; अलीकडच्या पेट्यांत वीजपुरवठ्याचा संच तळाशी असतो आणि तो आपली हवा खालच्या जाळीतून वेगळी ओढतो. कार्यालयीन कामाचा साधा संगणक ढोबळमानाने ६० ते १०० वॉट वीज घेतो, व्हिडिओ संपादनाचा संगणक भरात असताना ३०० वॉटच्या पुढे सहज जातो, आणि ही जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीत उतरते. आत ओढलेली हवा पाच अंशांनी गरम असली की आतले भागही जवळपास तितक्याच अंशांनी अधिक तापतात, आणि तापमान ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की बहुतेक प्रोसेसर स्वतःचा वेग आपोआप उतरवतात. ऑक्टोबरच्या दुपारी ‘कॉम्प्युटर स्लो झाला’ म्हणून व्हायरसचा शोध सुरू होतो, तेव्हा दोष पुष्कळदा टेबलाखाली कोंडलेल्या हवेचा असतो.

या कोंडमाऱ्यात ‘कॉम्प्युटर टेबल’ नावाच्या फर्निचरचा वाटा मोठा आहे. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना २००१ मध्ये झाली आणि त्याच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने संगणक मध्यमवर्गीय घराच्या यादीत आणून बसवला, त्या सुमारास पार्टिकल बोर्डाचे, सरकत्या कीबोर्ड-ट्रेचे आणि एका अंगाला टॉवरसाठी उभा कप्पा असलेले टेबल घरोघरी आले. हा कप्पा तीन बाजूंनी बंद असे, मागे वायरींपुरते एखादे भोक असे, आणि काही टेबलांना तर पुढून काचेचे दारही असे. मागून फेकलेली गरम हवा भिंतीवर आपटते, कप्प्याच्या फटींतून पुन्हा पुढे येते आणि पुढचा पंखा तीच हवा परत आत ओढतो. घरच्या घरी याची परीक्षा सोपी आहे: संगणक तासभर चालल्यावर पुढच्या जाळीसमोर हात धरावा आणि तिथली हवा खोलीतल्या हवेपेक्षा उबदार लागली, तर यंत्र आपलीच वापरलेली हवा पुन्हा घेत आहे असे समजावे. कप्प्याची मागची फळी काढून टाकणे आणि टेबल भिंतीपासून १० ते १५ सेंटिमीटर पुढे ओढणे, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. नव्या वस्तूवर हौसेने घातलेले विणकामाचे कव्हर, त्यावर गणपतीची छोटी मूर्ती आणि फोटोची फ्रेम ही सजावटही माथ्यावर जाळी असलेल्या टॉवरचा श्वास अडवते. मूर्ती शेजारच्या फळीवर गेली तर गणपतीचीही हरकत नसावी.

जमिनीचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. परदेशी माहितीपुस्तिकांत टॉवर गालिच्यावर ठेवू नये, कारण तळाची जाळी बुजते आणि कोरड्या हवेत स्थिर वीज साठते, असा इशारा असतो. मुंबईतल्या दमट हवेत आणि लादीच्या जमिनीवर ही भीती किरकोळ ठरते आणि तिच्या जागी झाडू व पोछा येतात. केर काढताना उडणारी धूळ सर्वाधिक दाट असते ती जमिनीलगत, आणि टॉवरच्या पुढच्या व तळच्या जाळ्या नेमक्या त्याच उंचीवर असतात. त्यात अंधेरी ते दहिसर मेट्रोमार्गांचे खोदकाम वर्षानुवर्षे चालले आणि जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाने गल्लोगल्ली सिमेंट-रेतीचे ढीग लागले; बांधकामाच्या धुळीला आवर घालण्यासाठी महानगरपालिकेला ऑक्टोबर २०२३ मध्ये २७ कलमी मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या. फरशी पुसताना बादलीतले पाणी टेबलाखालच्या एक्स्टेन्शन बोर्डापर्यंत जाते, हा रोजचा धोका तर कोणी धोका म्हणून मोजतच नाही.

आणि मग पावसाचे पाणी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, त्याच काळात कुलाब्यात ७५ मिलिमीटरही पाऊस झाला नव्हता. म्हणजे ती आपत्ती प्रामुख्याने उपनगरांची होती. मिठी नदीच्या काठच्या वस्त्यांत तळमजल्यांवर कमरेच्या वर पाणी चढले, तेथे टॉवर फूटभर उंच ठेवून काहीही साधले नसते. पण २ जुलै २०१९ सारख्या दिवशी, जेव्हा सांताक्रूझला ३७५ मिलिमीटर पाऊस झाला, किंवा दरवर्षीच्या साध्या तुंबण्यात, तळमजल्याच्या घरात घोट्याएवढे पाणी शिरते, आणि घोट्याएवढ्या पाण्यापासून यंत्र वाचवायला एक फुटाची उंची पुरते. चाळीत किंवा तळमजल्यावर राहणाऱ्यांनी निदान जून ते सप्टेंबर या काळात टॉवर जमिनीवर ठेवूच नये.

दिसणाऱ्या पाण्यापेक्षा न दिसणारी ओल अधिक चिवट असते. पावसाळ्यात मुंबईतली सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवेत मावू शकणाऱ्या बाष्पापैकी प्रत्यक्षात असलेल्या बाष्पाचे प्रमाण, बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते. वर्सोवा, मढ, गोराई या समुद्रालगतच्या भागांत हवेबरोबर मिठाचे सूक्ष्म कण येतात आणि आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांपलीकडे गेली की मीठ हवेतले पाणी ओढून स्वतः विरघळते. असे कण मदरबोर्डवरच्या धुळीत मिसळलेले असले, तर त्या धुळीचा वीजवाहक पापुद्रा तयार होतो आणि तांब्याचे जोड हिरवट पडू लागतात. पूर्व उपनगरांत कारण निराळे आहे. मुलुंडचे कचराक्षेपण २०१८ मध्ये थांबले, तरी कांजूरमार्ग आणि देवनारच्या कचराभूमी जवळच आहेत, आणि कुजत्या कचऱ्यातून व खाडीतल्या गाळातून सुटणारा हायड्रोजन सल्फाइड वायू तांबे व चांदी या दोन्ही धातूंना काळवंडवतो. मोठ्या संगणक-केंद्रांत हवेचा हा गुण तांब्या-चांदीच्या पट्ट्या महिनाभर उघड्या ठेवून मोजतात. घरात हेच काम देवघरातली चांदीची निरांजने करतात, आणि ती भराभर काळी पडत असतील तर टॉवर कचराभूमीच्या किंवा खाडीच्या दिशेच्या खिडकीजवळ ठेवू नये. नैर्ऋत्येचा पाऊस इमारतीच्या पश्चिम व दक्षिण अंगाला झोडपतो, म्हणून याच बाहेरच्या भिंतींना आतून पोपडे सुटतात. टॉवरची पाठ शक्यतो आतल्या, दोन खोल्यांमधल्या भिंतीकडे असावी.

वातानुकूलनाने हा प्रश्न सुटतो असे मानले जाते, पण त्यात एक मेख आहे. जुलैतल्या मुंबईच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला बाष्पाचे पाणी होऊ लागते तो बिंदू, सुमारे २५ अंश असतो. रात्रभर २२ अंशांवर ठेवलेल्या खोलीतला बंद टॉवर तितकाच गार होतो. सकाळी एसी बंद करून खिडकी उघडली की बाहेरची हवा त्याच्या पत्र्यावर आणि आतल्या भागांवर बारीक दव सोडते. अशा वेळी संगणक लगेच सुरू न करता त्याला खोलीच्या तापमानावर येऊ द्यावे. स्प्लिट एसीच्या आतल्या भागाखाली तर टॉवर कधीच नसावा, कारण त्याची पाणी वाहून नेणारी नळी तुंबते आणि पाणी भिंतीवरून थेट खाली उतरते.

एका खोलीच्या घरात ओटाही जवळच असतो. फोडणीच्या वाफेतले तेलाचे थेंब पंख्याच्या पात्यांवर बसले की त्यावरची धूळ ब्रशने निघत नाही, चिकटते. अगरबत्तीचा आणि कापराचा धूरही याच जातीचा. टॉवर आणि ओटा खोलीच्या विरुद्ध टोकांना असावेत, एवढे सांगून हा भाग संपतो. झुरळे आणि पाली मात्र कुठेही पोचतात, आणि कोपऱ्यातल्या अंधारात, उबदार वीजपुरवठ्याच्या संचात शिरलेली पाल स्वतः मरते व संचही घेऊन जाते. मागच्या रिकाम्या खाचांवर पत्र्याच्या पट्ट्या बसवलेल्या असाव्यात, हा साधा उपाय जोडणी करणारे पुष्कळदा विसरतात.

विजेचा मुद्दा अधिक गंभीर आहे, कारण त्यात यंत्रापेक्षा माणसाला धोका आहे. जुन्या चाळींत आणि वाढीव बांधकामांत तीन पिनांचे सॉकेट असते, पण त्यामागे अर्थिंगची तार असेलच असे नसते. संगणकाच्या वीजपुरवठ्यात विद्युत गोंगाट गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांपासून पत्र्याच्या पेटीला जोडलेले लहान कपॅसिटर असतात. अर्थिंग असेल तर त्यांतून झिरपणारा क्षीण प्रवाह जमिनीत जातो, नसेल तर पेटीवर २३० व्होल्टच्या निम्मा, सुमारे ११५ व्होल्टचा दाब तरंगत राहतो. अनवाणी पायाचा टॉवरच्या पत्र्याला स्पर्श झाला की मुंग्या येतात त्या यामुळे. हा प्रवाह सहसा घातक नसतो, परंतु त्याचा अर्थ असा की उद्या आत खरोखर तार सुटली तर रक्षण करणारे काहीच नाही. ओली फरशी, अनवाणी पाय आणि टेबलाखालचा टॉवर हे तिन्ही एकत्र येणे म्हणूनच वाईट. रबरी चप्पल घालणे हा यावरचा इलाज नव्हे. परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घेणे आणि गळती ओळखून वीज तोडणारी आरसीसीबी बसवणे हाच इलाज. अंधेरी-बोरिवलीत वीज अदाणीची असो, टाटाची असो की मुलुंडमध्ये महावितरणची, मीटरच्या पुढची घरातली वायरिंग घरमालकाची जबाबदारी असते.

मग टॉवर ठेवावा कुठे? टेबलावर ठेवला तर हवा उत्तम मिळते, पण २० सेंटिमीटर रुंद आणि ४२ सेंटिमीटर खोल पेटी ९० बाय ४५च्या छोट्या टेबलाचा पाचवा हिस्सा खाते आणि पंख्याचा आवाज कानाशी येतो. माळ्यावर ठेवणे हा उपाय अनेकांना सुचतो. पण छताजवळ खोलीतली सर्वांत गरम हवा साठते आणि साफसफाईसाठी यंत्र खाली उतरवणे दर वेळी राहून जाते. सर्वांत समंजस जागा टेबलाच्या बाजूला, जमिनीपासून ३० ते ४५ सेंटिमीटर उंचीवर, उघड्या लोखंडी घडवंचीवर किंवा भिंतीत पक्क्या केलेल्या कंसावर असते, जेथे पुढची जाळी खोलीच्या मोकळ्या बाजूला आणि पाठ आतल्या भिंतीपासून वीतभर दूर राहते. शिलाई मशीनचेच टेबल वापरात असेल तर फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असलेला टॉवर त्यावर ठेवू नये, कारण त्या डिस्कचे वाचक-टोक तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगते आणि धक्के सोसत नाही. एसएसडीला ही अडचण नाही. लोखंडी कपाटामागे टॉवर दडवला तर वाय-फायचा संकेत अडतो, हेही ध्यानात ठेवावे.

टॉवर टेबलाला चिकटूनच असावा हा समज मात्र सोडून द्यायला हवा. यूएसबी २.० ची तार ५ मीटरपर्यंत चालते, म्हणजे कीबोर्ड आणि माउससाठी दहा बाय बाराच्या खोलीची लांबी सहज पार होते. पडद्याची तार जराशी लांब घेतली की यंत्र खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात जाऊ शकते. अंधेरी पश्चिमेच्या औद्योगिक वसाहतींतल्या गाळ्यांत चित्रपट-मालिकांचे संकलन आणि ध्वनिमुद्रण चालते, तेथे टॉवर शेजारच्या खोलीत ठेवून तारा भिंतीतून आणण्याची पद्धत जुनीच आहे, कारण पंख्याची घरघर मुद्रणात उतरते. स्टेशनलगतच्या झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानांत याच्या उलट चित्र दिसते: छायाप्रत यंत्राची गरम हवा आणि कागदाचा भुगा यांच्या नेमक्या तोंडाशी टॉवर असतो आणि वर्षभरात त्याच्या जाळीवर राखाडी गादी जमते. एवढ्या अरुंद गाळ्यात पडद्याच्या पाठीला स्क्रूने बसणारा हातभरापेक्षाही लहान संगणक अधिक शहाणपणाचा, कारण पत्रिका आणि बिले छापायला त्याची ताकद पुरेशी असते.

पुनर्विकासात नवे घर मिळणाऱ्यांना हा प्रश्न भिंती प्लास्टर होण्याआधीच सोडवता येतो. बाहेरच्या खोलीतले प्लग-पॉइंट पुष्कळदा जमिनीलगत ठेवलेले असतात, आणि प्लग तिथे म्हणून बोर्ड तिथे, बोर्ड तिथे म्हणून टॉवर तिथे, असा क्रम ठरून जातो. आतल्या भिंतीवर टेबलाच्या उंचीला चार सॉकेटचा एक पॉइंट आणि त्याशेजारी ब्रॉडबँडच्या तारेसाठी रिकामी नळी, एवढी मागणी सोसायटीच्या बैठकीत विद्युत आराखडा मंजूर होण्यापूर्वी लेखी द्यावी. नंतर तीच भिंत फोडायला लागते आणि खर्चही वाढतो.