आयव्हीएफने झालेले मूल पुढे निरोगी राहते का?

खाप्याहून उपचारासाठी नागपूरला जाणाऱ्या जोडप्यांचा आधी एकच प्रश्न असतो: मूल होईल ना? ते झाले की दुसरा सुरू होतो, आणि तो बहुधा आजी विचारते: "डॉक्टर, हे बाळ बाकीच्यांसारखेच वाढेल ना?"

बहुतेक वेळा उत्तर 'हो' असते. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या उपचारातून हर्षा चावडा हिचा जन्म झाला. २०१६ मध्ये ती स्वतः आई झाली आणि तिची प्रसूतीही डॉ. हिंदुजांनीच केली. एका उदाहरणावरून निष्कर्ष काढायचा नसतो, हे खरे. पण अनेक देशांत अशा मुलांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा झाला आहे. त्यांची बुद्धी, शाळेतली प्रगती आणि वाढ इतर मुलांसारखीच आढळते.

मग धोका कुठे आहे? मुख्यतः जुळ्या-तिळ्यांत. गर्भाशयात एकापेक्षा जास्त भ्रूण सोडले की जुळ्यांची शक्यता वाढते. जुळी बाळे अनेकदा दिवस भरण्याआधी जन्मतात, वजनाने कमी भरतात, आणि पुढचे बरेच त्रास त्यातूनच येतात. "एकदाच दोन झाले तर बरे" असे घरचे म्हणतात, तेव्हा मला काळजी वाटते. शक्य असेल तर एकच भ्रूण सोडण्याबद्दल आपल्या डॉक्टरांशी जरूर बोला.

एकाच बाळातही मुदतपूर्व जन्म आणि जन्मजात दोष यांचे प्रमाण किंचित जास्त दिसते. मात्र त्यातला काही भाग उपचारामुळे नसून आईवडिलांचे वय आणि वंध्यत्वाचे मूळ कारण यांमुळे असतो. काही अभ्यासांत या मुलांचा रक्तदाब थोडा जास्त आढळला, काहींत फरक दिसला नाही. म्हणून घाबरून वेगळ्या तपासण्या करत बसू नका. लसीकरण नेहमीचेच, वजन-उंचीची नोंद ठेवा, आणि अधूनमधून रक्तदाब मोजून घ्या.

एक गोष्ट मात्र लपवू नका. लोक काय म्हणतील म्हणून अनेक घरांत बालरोगतज्ज्ञांनाही आयव्हीएफबद्दल सांगत नाहीत. शेजाऱ्यांना नका सांगू, डॉक्टरांना सांगा. बाळ कितव्या आठवड्यात झाले, वजन किती होते, हे कागद जपून ठेवा. वडिलांच्या शुक्राणूंची संख्या फार कमी असल्याने इक्सी केले असेल आणि त्याचे कारण वाय गुणसूत्रातला दोष असेल, तर तो मुलाकडे जातो. मुलगा मोठा झाल्यावर त्याला हे माहीत असायला हवे.