लेकरे मोजा, मगच गाडीला कुलूप लावा



बैल भर उन्हात बांधलेला दिसला की आपण हातातले काम टाकून उठतो आणि त्याला सावलीत नेतो. संध्याकाळी करडे-कोकरे मोजल्याशिवाय गोठ्याचे दार लावत नाही. ही शिस्त वाडवडिलांपासून चालत आलेली. पण दारात मोटार आली ती अलीकडे. तिची शिस्त अजून आपल्या अंगवळणी पडलेली नाही. म्हणून हा लेख.

जून २०२३ मध्ये नागपुरात तीन लहान मुले घराजवळ उभ्या असलेल्या मोटारीत मृत सापडली. नोव्हेंबर २०२४ मध्ये गुजरातेतील अमरेली जिल्ह्यात शेतमजुराची चार मुले शेतमालकाच्या गाडीत कोंडली जाऊन दगावली. मे २०२५ मध्ये आंध्रातील विजयनगरम् जिल्ह्यात एका खेड्यात पुन्हा चार मुले गेली. ही सारी मुले खेळता खेळता गाडीत शिरली होती. अमरेलीची घटना तर नोव्हेंबरातली, म्हणजे धोका काही फक्त वैशाखातच असतो असे नाही.

गाडी एवढी का तापते?

दुपारी पॉलिहाऊसमध्ये क्षणभर उभे राहून पाहा. ऊन आत येते, पण आतली ऊब बाहेर जात नाही. बंद मोटारीचे तसेच आहे. काचेतून ऊन आत शिरते, सीट आणि पुढची फळी तापते आणि हवा कोंडते. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळले, की उन्हातल्या गाडीत तासाभरात सरासरी २२ अंश सेल्सिअस उष्णता वाढते, आणि त्यातली बहुतेक पहिल्या अर्ध्या तासातच. बाहेर ३० अंश असले तर आत ५० च्या वर! काच बोटभर खाली ठेवल्याने विशेष फरक पडत नाही.

त्यातून लहान मुलाचे अंग मोठ्या माणसापेक्षा तीन ते पाच पट लवकर तापते. म्हणून “पाच मिनिटांत खत घेऊन येतो, झोपू दे त्याला,” असे कधीही म्हणू नका. दुकानातली पाच मिनिटे अर्धा तास कधी होतात, ते आपल्याला ठाऊकच आहे.

माया असूनही विसर पडतो

आपलेच मूल कोणी विसरेल का, असे तुम्ही म्हणाल. अमेरिकेत १९९८ पासून हजाराहून अधिक मुले अशी दगावली. त्यांतली निम्म्याहून अधिक पालकांच्या किंवा सांभाळणाऱ्यांच्या विसराने. ती माणसे काही दुष्ट नव्हती. रोजचा क्रम बदलला, मूल मागच्या सीटवर झोपले, डोक्यात दुसरा विचार आला, एवढेच.

आपल्याकडे ही भीती लग्नसराईत जास्त. गाडी भरून वऱ्हाड उतरते. बाप समजतो लेकरू आईजवळ आहे, आई समजते आत्याजवळ, आत्या समजते आजीजवळ. आणि लेकरू मागच्या सीटवर गाढ झोपलेले! म्हणून मायेवर भिस्त ठेवू नका, सवयीवर ठेवा.

घरात एवढे नियम पाळा

१. गाडी घरापुढे, खळ्यावर, कुठेही उभी असो, सगळी दारे व डिकी कुलूपबंद ठेवा. त्याआधी आत कोणी नाही ना, ते पाहा. किल्ली मुलांच्या हाती लागू देऊ नका.

२. उतरल्यावर मागचे दार उघडून सीट आणि सीटखाली पाहा. मूल बरोबर असेल तेव्हा मोबाईल किंवा पैशांची पिशवी मागेच ठेवा, म्हणजे मागे पाहावेच लागेल.

३. वऱ्हाडात, जत्रेत लेकरे मोजण्याचे काम एकाच माणसावर नावानिशी सोपवा.

४. मूल दिसेनासे झाले, तर विहीर आणि पाण्याची टाकी पाहाच, पण लगेच दुसऱ्याला आजूबाजूच्या गाड्या पाहायला धाडा.

५. गाडी खेळायची जागा नव्हे, हे मुलांना बजावा. कोंडले गेलेच तर हॉर्न वाजवत राहायचे आणि पुढचे दार उघडून पाहायचे, हेही शिकवा. मुलांसाठीचे कुलूप लावलेले असले, तर मागचे दार आतून उघडत नाही.

मूल कोंडलेले दिसले तर

मालकाची वाट पाहत बसू नका. दार उघडत नसेल, तर मुलापासून लांबची बाजूची काच कोपऱ्यात घाव घालून फोडा. पुढची मोठी काच सहज फुटत नाही. मुलाला सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता आणि वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी मुळीच घालू नका. एकाने तेवढ्यात १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. मूल सावध वाटले तरी डॉक्टरला दाखवा.

काच नवी बसवता येते, लेकरू परत आणता येत नाही. आजच घरातल्या सगळ्यांना, विशेषतः गाडी चालवणाऱ्याला, हे वाचून दाखवा. आणि उद्यापासून गाडीतून उतरलात, की करडे मोजता तशी लेकरेही मोजा.