लंडनची पदवी आणि मनीप्लँटची बाटली

लग्नाला पंधरा वर्षं झाल्यावर बायको पुन्हा विद्यार्थिनी झाली, तर नवऱ्याने आनंद मानावा की धास्ती घ्यावी? मी दोन्ही करून पाहिले आहे.

आमची सौ. पालिकेच्या दवाखान्यात डॉक्टर. एका पावसाळ्यात ती म्हणाली, "अहो, दरवर्षी तीच माणसं, तेच जुलाब, तोच ताप. हे मुळात येतं कुठून, ते मला शिकायचंय." नोकरी सोडणे शक्य नव्हते. तेव्हा तिने लंडन विद्यापीठाची सार्वजनिक आरोग्याची एम.एस्सी. दूरशिक्षणाने करायचे ठरवले. शिकवणार लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन, आणि अभ्यास आमच्या स्वयंपाकघरात. बाहेरगावच्या विद्यार्थ्यांना या विद्यापीठाने परीक्षेचे दार १८५८ सालीच उघडले होते.

फीसाठी मोठ्या घराची पुंजी मोडली. आई म्हणाली, "घरबसल्या पदवी? मग पन्नास वर्षं घरात बसून मला कशी नाही मिळाली?"

सौ. पहाटे चारला उठे. साथरोगशास्त्र, संख्याशास्त्र, आरोग्याचे अर्थशास्त्र! मी मराठीचा प्राध्यापक. माझ्याकडे चहाचे खाते आले. "दुरून का कुठे आरोग्य शिकता येतं?" असे मी एकदा चेष्टेने विचारले. तिने फ्लॉरेन्स नाइटिंगेलचे उदाहरण दिले. ही बाई हिंदुस्थानात कधीच आली नाही. इथल्या लष्करी छावण्यांना छापील प्रश्नावल्या धाडून तिने पाण्याची, गटारांची माहिती मागवली, आणि १८६३ च्या शाही आयोगाच्या अहवालासाठी ती अभ्यासली. मी मुकाट्याने कप विसळले.

दुसऱ्या वर्षी, ऐन ऑगस्टात, आमच्या लेकीला डेंग्यू झाला. प्लेटलेट उतरत गेल्या. चार रात्री आम्ही रुग्णालयाच्या बाकावर काढल्या. पोरगी वाचली. घरी आल्यावर सौ. वही घेऊन इमारतभर फिरली. कोणत्या मजल्यावर, कोणाला, कोणत्या तारखेला ताप आला, सारे टिपले. १८५४ साली लंडनमध्ये पटकीच्या साथीत डॉक्टर जॉन स्नो असाच घरोघर विचारत फिरला होता. मग विजेरी घेऊन तिने पाण्याची भांडी तपासली. गच्चीवरच्या फुटक्या टाकीत अळ्या सापडल्या. आणि माझ्या टेबलावरच्या मनीप्लँटच्या बाटलीतही!

डेंग्यूचा डास दिवसा चावतो, साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. मी पाणी बदलायचो महिन्याने. लेक रोज दुपारी त्याच टेबलाशी गृहपाठ करीत असे.

मला बोलवेना. सौ. म्हणाली, "तिला नेमका कुठला डास चावला, ते सांगता येत नाही. पुरावा नसताना दोष द्यायचा नाही, एवढं मी शिकलेय." वाचकहो, त्या वाक्याने मला जो धीर आला, तो मी जन्मात विसरणार नाही.

पुढल्या वर्षी पदवी आली. आईने ती देवघराशेजारी लावायला लावली. मोठे घर काही झाले नाही. मनीप्लँट आता मातीच्या कुंडीत आहे. दर रविवारी मी सोसायटीतल्या घरांची दारे ठोठावून पिंपे, कुंड्यांखालच्या ताटल्या, शीतकपाटामागचे पाणी पाहतो. काही शेजारी हसतात. एकजण म्हणाला, "प्राध्यापकसाहेब, ही कुठली परीक्षा?"

म्हटले, "बायकोची. ती पास झाली. माझी अजून चालू आहे."