अतिथिकक्ष, ऐतिहासिक धाटणीचा

एखादा काळ, प्रदेश अथवा कथा हे सूत्र धरून सजविलेल्या पर्यटक-निवासातील राहण्याची खोली. अशा खोलीतील सामानसुमान, वस्त्रे, दिवे व सुखसोयी यांची योजना सूत्राशी सुसंगत असावी लागते आणि त्याच वेळी तीत सामान्य हॉटेलातील खोलीइतकी सोयही असावी लागते. ही दोन प्रयोजने पुष्कळदा परस्परविरोधी ठरतात. महाराष्ट्रात हा विरोध दुर्गांच्या परिसरात विशेष जाणवतो. म्हणून प्रस्तुत नोंदीत रायगडाच्या पायथ्याशी असलेल्या पाचाड (ता. महाड, जि. रायगड) या गावाच्या अनुषंगाने मुख्यतः शिवकालीन धाटणीच्या अतिथिकक्षाचा विचार केला आहे.

जुन्या वास्तूचे केलेले हॉटेल आणि जुन्या धाटणीवर नव्याने बांधलेले हॉटेल यांत भेद करणे आवश्यक आहे. भारत सरकारच्या वर्गीकरणात वारसा-हॉटेल या वर्गात १९५० पूर्वी बांधलेले राजवाडे, गढ्या, हवेल्या इ. वास्तूच येतात. जयपूरचा रामबाग राजवाडा (हॉटेल म्हणून १९५७) हे या वर्गाचे प्रसिद्ध उदाहरण. महाराष्ट्रात पिलाजी जाधवराव यांनी १७१० मध्ये बांधलेल्या सासवडनजीकच्या जाधवगडाचे असे रूपांतर झाले आहे. दुसऱ्या प्रकारात वास्तू नवी असते व सूत्र बाहेरून आणलेले असते. कॅलिफोर्नियातील मॅडोना इन (१९५८) येथे प्रत्येक खोलीची सजावट वेगळ्या कल्पनेवर केलेली आहे. पहिल्या प्रकारात वास्तूच सजावटीला मर्यादा घालते. दुसऱ्यात मर्यादा घालणारे काहीच नसल्याने सजावटकाराच्या माहितीवर व विवेकावर सर्व काही अवलंबून राहते.

पाचाड येथे शिवाजी महाराजांनी जिजाबाईंसाठी वाडा बांधला. गडावरील थंड वारा त्यांना मानवत नसे, म्हणून पायथ्याशी ही सोय केली, असे परंपरेने सांगितले जाते. राज्याभिषेकानंतर (६ जून १६७४) थोड्याच दिवसांत, १७ जून १६७४ रोजी, जिजाबाईंचे निधन झाले. त्यांची समाधी पाचाड येथेच आहे. वाड्याची तटबंदी, जोती व विहिरी आज पाहावयास मिळतात. एका विहिरीच्या काठी पाठ टेकण्यासाठी दगडात घडविलेला तक्क्या असून तीस ‘तक्क्याची विहीर’ असे म्हणतात. या परिसरातील ज्याला सामान म्हणता येईल अशी जागेवर उरलेली वस्तू बहुधा हा दगडी तक्क्याच होय. वाड्याचे लाकडी छप्पर व खांब नाहीसे झाले आहेत. रायगडावरील इमारतींचे लाकूडकाम मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफमाऱ्याने लागलेल्या आगीत जळाले. त्यामुळे शिवकालीन खोली उभी करू पाहणाऱ्याला समोर ठेवून नक्कल करावी असा मूळ नमुना येथे नाही. अवशेष, कागदपत्रे व घरगुती परंपरा यांवरूनच त्याला अनुमान बांधावे लागते.

पाचाड व रायगड येथील पाहुण्यांच्या व्यवस्थेचा एक समकालीन वृत्तांत मात्र उपलब्ध आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन हा मे १६७४ मध्ये मुंबईहून चौलमार्गे पाचाडास आला. महाराज त्या वेळी देवीच्या दर्शनासाठी प्रतापगडी गेले होते. ते परत येईपर्यंत इंग्रजांनी पायथ्याच्या मैदानात तंबू ठोकून मुक्काम केला. नंतर त्यांना गडावर बोलावून राजवाड्यापासून सु. एक मैलावर एक घर राहण्यासाठी देण्यात आले. जॉन फ्रायर या इंग्रज वैद्याच्या प्रवासवर्णनात (१६९८) ही हकीकत आली आहे. तूप घालून शिजविलेल्या खिचडीवर पाहुण्यांचे भागेना, म्हणून त्यांच्यासाठी मांसाची सोय करण्यात आली. आपल्या नेहमीच्या गिऱ्हाइकांनी वर्षांत घेतले नसेल इतके मांस थोड्या दिवसांत खपविणारे हे लोक आहेत तरी कसे, हे पाहण्यासाठी वृद्ध खाटीक गड चढून आला, असे फ्रायर लिहितो. पाहुण्याला त्याच्या सवयीचे अन्न, स्वतंत्र घर आणि यजमानाच्या वास्तूपासून योग्य अंतर या तीन गोष्टी त्या काळीही आतिथ्यात मोडत होत्या, हे यावरून दिसते.

सतराव्या शतकातील प्रतिष्ठित मराठी घरात लाकडी सामान थोडे आणि वस्त्रांचे सामान पुष्कळ असे. राज्यातील अठरा कारखान्यांत जामदारखाना, मुदपाकखाना यांबरोबर फरासखाना येतो. तंबू, कनाती, बिछायती व गालिचे यांची व्यवस्था पाहणारे हे खाते होते. (पुण्यात ते नाव आज पोलीस ठाण्याला चिकटून राहिले आहे.) खोलीचे प्रयोजन तीत काय अंथरले आहे यावरून ठरे. जाजम किंवा सतरंजी, तीवर गादी, पाठीशी लोड व कुशीला तक्के मांडले की दिवाणखाना होई. रात्री बिछाने घातले की तीच खोली निजण्याची होई. भिंतीत कोनाडे, देवळ्या व फडताळे असत. कपड्यांसाठी खुंट्या व वलणी, मौल्यवान वस्तूंसाठी पेटारे, बसावयास पाट व चौरंग, उजेडासाठी समया व लामणदिवे असत. पलंग वा मंचक हे थोरामोठ्यांकडे आढळत; इतरांच्या घरी बाज, घोंगडी व वाकळ असे.

आजच्या अतिथिकक्षातील सामानाचा काही भाग किती उशिरा व कोणत्या वाटेने आला, याची खूण भाषेतच सापडते. अलमारी, चावी, तुवाल हे शब्द पोर्तुगीज भाषेतून मराठीत आले. तक्क्या, गालिचा, पडदा हे फार्सीतून आले व शिवकाळापूर्वीच रुळले होते. काचेच्या हंड्या व झुंबरे उत्तर पेशवाईत वाड्यांतून दिसू लागली; कोरीव पाठीच्या खुर्च्या, आरसा जडविलेली शृंगारमेजे व पितळी गोळ्यांचे चार खांबी पलंग हे तर एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी वळणाचे सामान होय. ‘शिवकालीन’ म्हणून सजविलेल्या खोल्यांत नेमके हेच सामान भरलेले असते. ही केवळ कालविपर्यासाची चूक नव्हे. जड लाकूड, मखमल व झुंबरे यांनी भरलेली खोली पाहून गेलेल्या मुलाच्या मनात शिवकाळाचे चित्र एखाद्या उत्तरकालीन संस्थानिकाच्या महालाचे होऊन बसते. गडावर प्रत्यक्ष दिसणारी साधी जोती मग त्याला दरिद्री वाटू लागतात.

अंथरुणप्रधान खोली आधुनिक प्रवाशाला अडचणीची होते, हा आक्षेप सर्वस्वी खरा नाही. जपानमधील ‘र्‍योकान’ या पारंपरिक पथिकगृहांत चटयांच्या जमिनीवर दिवसा बैठक असते व रात्री सेवक तेथेच बिछाना घालतात. हे निवास उच्च दर्जाचे मानले जातात. तथापि रायगड चढून-उतरून आलेल्या प्रौढ माणसाच्या गुडघ्यांना जमिनीवरील गादी सोसत नाही. यावर भिंतीलगत सु. ४५ सेंमी. उंचीचा बांधीव ओटा करून त्यावर गादी घालणे हा उपाय चांगला. दिवसा लोड-तक्के ठेवून त्याची बैठक होते, रात्री त्याचाच पलंग होतो आणि ओट्याखालच्या कप्प्यात सामान राहते. कोनाड्यात पाण्याचा तांब्या व भांडे, त्याशेजारी वाचनाचा दिवा व विजेची जोडणी, खुंट्यांबरोबर एक बंद फडताळ एवढ्याने खोली पुरी होते. दूरचित्रवाणी संच ठेवावयाचा झाल्यास तो फडताळाच्या झडपेआड असावा.

सामान निवडताना या प्रदेशाचे हवामान हा सर्वांत कठोर परीक्षक ठरतो. महाड तालुक्यात वर्षाला ३,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो व जुलै-ऑगस्टमध्ये रायगडाचा परिसर दिवसेंदिवस धुक्यात असतो. मखमली पडदे, भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटविलेला गालिचा व कापसाच्या जाड गाद्या यांना पहिल्याच पावसाळ्यात कुबट वास येतो आणि बुरशी धरते. त्याऐवजी फरशी किंवा कोबा, त्यावर उचलून वाळविता येईल अशी सुटी सतरंजी, काथ्याची गादी, धुता येणारी सुती खोळ व पांघरावयास घोंगडी किंवा सोलापुरी चादर अशी योजना टिकाऊ ठरते. कपाटाची पाठ बाहेरच्या भिंतीला टेकू नये. खिडक्यांवर खोल पागोळी, समोर पडवी व पावसाळ्यात पडवीला झापांचा आडोसा ही कोकणी घराची रीत वातानुकूलन यंत्रापेक्षा अधिक उपयोगी आहे. ओले कपडे वाळविण्यासाठी पडवीतील दांडी ही सोय माहितीपत्रकात क्वचितच नमूद असते. पावसाळी प्रवाशाला मात्र तिचीच गरज सर्वाधिक भासते.

स्नानगृहात इतिहासाचा आग्रह धरू नये. तांब्याचे घंगाळ शोभेला ठेवण्यास हरकत नाही, परंतु गरम पाण्याचा नळ, न घसरणारी फरशी व धरावयास दांडी हवीच. शौचकूप खोलीला जोडून असणे इतिहासविसंगत आहे असेही नव्हे. रायगडावरील राणीवशाच्या अवशेषांत शौचकूपांची व्यवस्था स्पष्ट दिसते. दिव्यांच्या बाबतीत पडद्यांजवळ तेलाची समई पेटती ठेवणे धोक्याचे आहे. ती अंगणात किंवा दर्शनी दालनात, सेवकाच्या नजरेखाली असावी. याच तालुक्यातील तळीये येथे २२ जुलै २०२१ रोजी दरड कोसळून मोठी जीवितहानी झाली. तेव्हा डोंगरउतारापासून सुरक्षित अंतर, वीज गेल्यास लागणारा दिवा व बाहेर पडण्याच्या मार्गाचा मराठीतील ठळक फलक यांची गणना अतिथिकक्षाच्या सुखसोयींतच केली पाहिजे.

सजावटीतील औचित्याचा प्रश्न अधिक नाजूक आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये राज्यातील काही किल्ले निवासव्यवस्था व पर्यटनविकासासाठी भाडेपट्ट्याने देण्याच्या शासकीय धोरणाची वार्ता येताच तीव्र जनक्षोभ झाला. शिवकालाशी संबंधित किल्ल्यांना हे धोरण लागू नाही, असा खुलासा शासनाला करावा लागला. रायगड हे केंद्रीय संरक्षित स्मारक असून अशा स्मारकाच्या सीमेपासून १०० मी.पर्यंत नव्या बांधकामास बंदी व त्यापुढील २०० मी.पर्यंत नियंत्रण आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्य केलेल्या मराठा लष्करी भूप्रदेशातील बारा किल्ल्यांत रायगडाचा समावेश आहे. अशा जागेच्या सान्निध्यात शयनगृहाच्या भिंतीवर महाराजांचे वा जिजाबाईंचे चित्र लावणे, खोल्यांना त्यांची नावे देणे, सिंहासनाच्या आकाराच्या खुर्च्या ठेवणे या गोष्टी टाळाव्यात. जेथे लोक निजतात, जेवतात व क्वचित मद्यपानही करतात, तेथे या प्रतिमा सजावटीच्या वस्तू बनतात आणि समाधीच्या दर्शनाला आलेल्या माणसाला ते खटकते. त्यापेक्षा खोलीला लगतच्या वाडीचे वा स्थानिक वृक्षाचे नाव द्यावे व भिंतीवर रायगडाचा नकाशा किंवा वाड्याच्या जोत्यांचा आराखडा लावावा. ढाल-तलवारींच्या पत्र्याच्या प्रतिकृतींनीही काही साधत नाही. सूत्र स्थानिक कारागिरीतून अधिक चांगले व्यक्त होते. सावंतवाडीच्या राजवाड्यातील निवासात तेथील गंजिफा-चित्रकलेचा केलेला उपयोग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

हिरकणीवाडी येथून रज्जुमार्ग सुरू झाल्यापासून (१९९६) पुष्कळ प्रवासी गड पाहून त्याच दिवशी परततात. मुक्कामाला राहणाऱ्यांत शाळांच्या सहली व तरुणांचे गट अधिक असून त्यांचा भर घरगुती निवासांवर व खाणावळींवर असतो. राज्याभिषेकदिनी (६ जून, तसेच ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी) येणाऱ्या समुदायाला तर खोली मिळणेही कठीण असते. त्यांच्यासाठी मोठे दालन, कोरडी जमीन, स्वच्छ सतरंज्या, पिण्याचे पाणी, स्त्रियांसाठी स्वतंत्र न्हाणीघरे व पुरेसे शौचकूप एवढ्याच सुखसोयी लागतात. फरासखान्याच्या पद्धतीने, म्हणजे अंथरावयाचे सामान एका ठिकाणी मोजून-वाळवून ठेवून गरजेप्रमाणे काढून दिल्यास, एकच दालन बैठकीला, भोजनाला व निजण्याला वापरता येते. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस कधीही सुरू होत असल्याने हे सामान मे महिन्याच्या उन्हात वाळवून जमिनीपासून उंच फळ्यांवर रचून ठेवावे लागते.