‘लोहित’ : मुक्त अक्षरांची सनद

तेलंगण व कर्नाटक यांच्या सरहद्दीवरील देगलुरात, जेथे बाजारात मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडही सहज कानी पडते, तेथे या तिन्ही भाषांसाठी उपलब्ध असलेल्या ‘लोहित’ या फॉन्टमालेचे मोल विशेष जाणवते. रेड हॅट कंपनीने तिचे पहिले संच २००४ मध्ये मुक्त परवान्याने खुले केले, पुढे २०११ मध्ये त्यांस ओपन फॉन्ट लायसन्स लागू झाले. त्यामुळे ते वापरण्याची, वाटण्याची, इतकेच नव्हे तर त्यांत दुरुस्ती करण्याचीही मुभा प्रत्येकास आहे. ही शेवटची मुभाच आम्हांस सर्वाधिक मोलाची वाटते. कारण हिंदीहून निराळ्या वळणाचे मराठी ‘ल’ आणि ‘श’, किंवा ‘सुऱ्या’तील अर्धा ‘र’, यांसाठी कोणा मक्तेदाराकडे अर्ज न करता जाणकार ते अक्षर स्वतः सुधारून सर्वांच्या हवाली करू शकतो.