भाग ७ : हाय-लिफ्ट कॅम बसवण्याआधी



जुन्या कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेटवाल्यांचा एक प्रश्न नेहमी असतो: "सर, हाय-लिफ्ट कॅम बसवायचाय. बाकी काय बदलू?" माझं उत्तर: आधी मोजा, मग कॅम घ्या. मी उलटं केलं होतं. महूहून मंडलेश्वरला जाताना जाम घाटात इंजिन बंद पडलं. मागे बायको बसलेली, खालून ट्रक येतोय. घरी आणून उघडलं, तर इनलेटचा पुशरॉड वाकलेला. कॅममध्ये दोष नव्हता. मी स्प्रिंगा जुन्याच ठेवल्या होत्या.

लिफ्ट म्हणजे व्हॉल्व्ह आपल्या सीटवरून किती उचलला जातो ते अंतर. ते वाढलं की मिश्रण जास्त आत जातं, पण स्प्रिंगही तेवढीच जास्त दाबली जाते. इथूनच चार तपासण्या सुरू होतात.

पहिली, स्प्रिंग. उदाहरण घेऊ. बसवलेल्या स्प्रिंगची उंची ३५ मिलिमीटर आहे आणि सगळे वेढे एकमेकांना टेकले की ती २४ होते. म्हणजे हालचालीला जागा ११. लिफ्ट ८ असेल तर ३ शिल्लक. लिफ्ट १० केली तर उरतो फक्त १. निदान दीड मिलिमीटर शिल्लक हवा, म्हणून ही स्प्रिंग बाद. वेढे टेकले की स्प्रिंग लोखंडाचा ठोकळा होते आणि मग पुशरॉड वाकतो. माझं हेच झालं. बुलेटला आत-बाहेर अशा दोन स्प्रिंगा असतात, दोन्ही वेगवेगळ्या मोजा.

"मग सगळ्यात कडक स्प्रिंग टाकू?" नको. ५००० आरपीएमला प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला २५०० वेळा उघडतो. स्प्रिंग मऊ असेल तर व्हॉल्व्ह वेळेवर बंद होत नाही, आणि गरजेपेक्षा कडक असेल तर कॅम आणि टॅपेट खाल्ले जातात. कॅम बनवणारा जो दाब सांगतो, तोच घ्या.

दुसरी, रिटेनर, म्हणजे स्प्रिंगच्या डोक्यावरची वाटी. व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर ही वाटी आणि व्हॉल्व्ह गाईड यांच्यातही दीड मिलिमीटर राहायला हवा. कमी असेल तर गाईडचं डोकं लेथवर कमी करून घ्यावं लागतं.

तिसरी, व्हॉल्व्ह आणि पिस्टन. पिस्टनवर मुलांच्या खेळण्यातली क्ले थापा, हेड कसा, टॅपेट सेट करा आणि इंजिन हाताने सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवा. अडलं तर जोर लावू नका. हेड काढून क्ले कापा आणि सर्वांत पातळ जागा मोजा. इनलेटला किमान २ आणि एक्झॉस्टला अडीच मिलिमीटर धरतात, कारण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त तापतो आणि लांबतो. बुलेटचे व्हॉल्व्ह तिरके, समोरासमोर असतात. मोठे व्हॉल्व्ह बसवले असतील तर दोन्ही थोडे उघडे असताना ते एकमेकांना घासत नाहीत ना, हेही बघा.

चौथी, टॅपेट आणि पुशरॉड. नव्या कॅमला जुने टॅपेट लावू नका. त्यांचा तळ जुन्या कॅमशी जुळून झिजलेला असतो. जुनाच कॅम घासून लिफ्ट वाढवली असेल, तर त्याचा मूळ गोल लहान होतो आणि पुशरॉड तेवढा आखूड पडतो. खालच्या ॲडजस्टरला पुरेसे आटे उरत नसतील, तर लांब पुशरॉड घ्या. सेटिंग नेहमीचंच: थंड इंजिन, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, पुशरॉड बोटांनी सहज फिरावा पण वरखाली हलू नये.

आणखी एक. माहितीपत्रकातली लिफ्ट कॅमवरची आहे की व्हॉल्व्हवरची, ते विचारून घ्या. रॉकरच्या दोन्ही बाजू सारख्या लांबीच्या नसतील तर दोन आकडे वेगळे येतात. स्वतः व्हॉल्व्हवर डायल गेज लावून मोजलेला आकडा खरा.

आता खर्चाचं. पैसे कमी असतील तर कॅम पुढच्या वर्षी घ्या. कॅम आत्ता आणि स्प्रिंगा नंतर, हा हिशेब करू नका. फौजेत रसद पोहोचल्याशिवाय तुकडी पुढे जात नाही. इंजिनातही आधी स्प्रिंगा, मग कॅम.

पुढच्या भागात नवा कॅम पहिल्यांदा सुरू करताना घ्यायची काळजी बघू. जय हिंद.