भिंगारचा निळा डोंगर

"आजोबा, हा डोंगर निळा का काढलाय? आपण चांदबिबीच्या महालावर गेलो तेव्हा तर नुसतं वाळकं गवत नि काळा दगड होता."

बस इथं, चिमे. चूक तुझी नाही. तू डोंगर पायानं पाहिलास, मी भिंगारच्या गच्चीवरून डोळ्यानं पाहतोय. तो महाल म्हणजे खरं तर निजामशाहीतल्या सलाबतखानाची कबर. अष्टकोनी, तीन मजली. नाव मात्र चांदबिबीचं पडलं ते पडलंच. इथून तो आठ-दहा किलोमीटर. म्हणजे तुझ्या डोळ्यात नि त्या दगडात तेवढी हवा उभी आहे. हवेचे कण उजेड विस्कटतात, आणि निळा उजेड तांबड्यापेक्षा पाच-सहा पट जास्त विस्कटतो. हा हिशेब इंग्लंडच्या रॅले या शास्त्रज्ञानं 1871 साली मांडला. विस्कटलेला निळा मधेच डोंगरावर पसरतो. तेव्हा मी डोंगर नाही, मधली हवा रंगवतोय.

जुन्या युरोपातल्या रोमँटिक चित्रकारांचा हाच तर नाद. पाऊण कॅनव्हास आभाळ, दूरवर विरत गेलेले डोंगर, आणि खाली मुंगीएवढा माणूस. आपण माणसाच्या जागी मेंढरामागचा धनगर टाकू, नगरला तोच शोभतो. त्या चित्रकारांच्या काळातच, 1815 साली इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला. त्याची बारीक राख नि गंधकाचं धुकं जगभर पसरलं, आणि लंडनच्या संध्याकाळी लालभडक झाल्या. त्यांच्यातलाच टर्नर तेव्हा तिथेच राहत होता. पुढं ग्रीक शास्त्रज्ञांनी 1500 ते 1900 मधल्या चित्रांतले मावळतीचे रंग मोजले, तर मोठ्या उद्रेकांनंतरचे सूर्यास्त जास्त तांबडे निघाले! ज्वालामुखीची नोंद चित्रकाराच्या ब्रशात सापडली, बघ.

आता हात लाव. लांबच्या डोंगराला अल्ट्रामरीनमध्ये पांढरा भरपूर, बर्न्ट सिएना जेमतेम. कडा मऊ ठेव. अलीकडच्या बाभळीला पांढरा नको, गडद काढ. हं, असं.

"वाळेल कधी? पंख्याखाली ठेवू?"

अगं, पाण्याचा रंग वाळतो, कारण पाणी उडून जातं. आपल्या ह्या रंगात तर जवसाचं तेल. तुझी आजी चटणी करते ना, त्याच जवसाचं. ते उडत नाही, उलट हवेतला प्राणवायू खातं. त्याचे कण एकमेकांचे हात धरत जातात, जाळं विणलं जातं, शेवटी चिवट पापुद्रा होतो. काचेच्या तुकड्यावर तेलाचा पातळ हात मारून सोनाराच्या काट्यावर तोललं, तर वाळताना वजन वाढलेलं दिसतं. वाळणारी वस्तू जड होते, अशा गोष्टी तुला फार भेटायच्या नाहीत.

म्हणून रंगाऱ्यांचा दंडक: खालचा थर टर्पेंटाइननं पातळ, वरचा तेलकट. तेलकट थर सावकाश वाळतो. तो खाली गेला नि वरचा आधी घट्ट झाला, तर आतली हालचाल वरच्याला फोडते. माझं तरुणपणचं पहिलं चित्र असंच तडकलं. गुरुजींनी बजावलं होतं, मीच ऐकलं नाही. ते आभाळ पाहिलं की अजून दुष्काळातली जमीन आठवते.

म्हणजे बघ, डोंगर निळा केला हवेनं, नि त्या निळ्याला पक्का करणारीही हवाच.

थांब, ती तेलाची चिंधी कोपऱ्यात कोंबू नकोस! तेल प्राणवायू खातं तेव्हा उष्णता सोडतं. चिंधी पसरलेली असली तर ती उष्णता उडून जाते. बोळा करून टाकली तर आतच कोंडते, वाढत जाते, आणि काडी न लावता पेटते. पाण्यात भिजव आणि अंगणातल्या दोरीवर उलगडून टाक. आधी ते कर, मग धनगर काढू.